संगणकाची पदवी आणि गच्चीवरच्या तारा

ज्या दिवशी मी संगणकाची पदवी घ्यायचं ठरवलं, त्या दिवशी मला खरं तर फक्त आमच्या ह्यांच्या रक्ततपासणीचा अहवाल हवा होता. इस्पितळात फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई म्हणाली, अहवालासाठी दोन दाबा. मी दोन दाबलं. तिनं मला औषधांच्या दुकानात नेऊन सोडलं. तिथून बाहेर पडायला शून्य दाबलं, तर तिनं माझं स्वागत केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकदा तर ती म्हणाली की हा पर्याय उपलब्ध नाही, आणि तो पर्याय तिनंच मला दिला होता.

आता ही बाई म्हणजे बाई नव्हे, यंत्र, हे मला कळत होतं. मला न कळून कोणाला कळणार? त्याच इस्पितळाच्या स्विचबोर्डवर मी उभी हयात बसून काढली. कुठल्या वॉर्डातला फोन नुसता वाजत राहतो, कुठले डॉक्टर जेवायला गेले की सापडत नाहीत, कुठल्या नातेवाइकाला आधी बसायला सांगून मग फोन जोडायचा, सगळं मला तोंडपाठ. मग एक दिवस भिंतीवर एक पेटी आली आणि मला पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. पुष्पगुच्छ पेटीपेक्षा मोठा होता, एवढं मात्र मान्य करायला हवं.

मी फोन ठेवला आणि म्हणाले, "मला त्या बाईला आतून बघायचंय."

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "कुठल्या बाईला?"

मी सगळं सांगितलं. विद्यापीठात संगणकाची पदवी मिळते, तिला वयाची अट नाही, मी ती घेणार. आमचे हे विमा कचेरीतून निवृत्त झालेले. तिथं ते कोणत्याही प्रस्तावाला पहिल्या दिवशी नाही म्हणत नसत, विचाराधीन म्हणत. मलाही तेच म्हणाले. लेकीला फोन केला, ती परगावी बँकेत आहे. ती फार प्रेमानं म्हणाली, "आई, तू आधी फोटो पाठवायला शीक ना. परवा तू मला छताचे सात फोटो पाठवलेस."

ते फोटो चुकून गेले होते. पण ते असो.

बातमी इमारतभर पसरायला वेळ लागला नाही, कारण तळमजल्यावर पहिल्या घरात वहिनी राहतात. त्यांची खिडकी फाटकाकडे उघडते, आणि त्यांचं तोंड सगळ्या दिशांना. त्यांचा मुलगा कुठल्याशा मोठ्या कंपनीत संगणकावर असतो, म्हणून या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं म्हणणं असं की ही विद्या लहानपणीच घ्यावी लागते, कारण बोटं मऊ असावी लागतात. वरच्या मजल्यावर गणिताचे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, बोटांचा संबंध नाही. संगणक म्हणजे वर्गातला सर्वांत मठ्ठ विद्यार्थी. सांगाल तेवढंच करतो, पण सांगाल ते करतोच. तसले विद्यार्थी त्यांनी जन्मभर शिकवले होते, तेव्हा माझी चिंता नको. सोसायटीच्या अध्यक्षांनी एवढंच विचारलं की या पदवीमुळे जिन्यातल्या दिव्याचं बिल वाढणार आहे का.

विद्यापीठाचं माहितीपत्रक आलं. त्यात कौशल्यांवर एक परिच्छेद होता. पदवीधराच्या अंगी समस्या सोडवण्याची क्षमता, संवादकौशल्य, चार माणसांत मिळून काम करण्याची वृत्ती, चिकाटी आणि सतत शिकत राहण्याची तयारी असावी. मी तो ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. हे म्हणाले, "ही स्थळाची जाहिरात वाटते."

पण खरी मेख त्याच्या वरच्या ओळीत होती. बारावी, गणितासह.

बारावीला मला गणित होतं. चांगलं होतं. दाखला घेऊन मी प्रवेशाच्या खिडकीवर गेले. आतल्या कारकुनानं तो उलटसुलट पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला आणि म्हणाला की यात गणित कुठं दिसत नाही. मी बोट ठेवून दाखवलं. आमच्या वेळी एका पेपरला बीजगणित म्हणत आणि दुसऱ्याला भूमिती. त्यानं दोन्ही शब्द वाचले. म्हणाला की बीजगणित आहे, भूमिती आहे, गणित नाही.

"अहो, या दोघांची बेरीज म्हणजेच गणित," मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला, "पण बेरीज करायचा अधिकार या खिडकीला नाही."

माणूस वाईट नव्हता. त्यानं मला समकक्षता कक्षात पाठवलं. तो कक्ष दुसऱ्या इमारतीत, जिन्याखाली होता, आणि तिथल्या बाईंच्या मते दाखल्यावरचं नाव माझं नव्हतंच. ते माझं माहेरचं नाव. मी म्हणाले, लग्नाआधी मी मीच होते. त्या म्हणाल्या, तसा पुरावा आणा. आम्ही दोघांनी माळा उपसून विवाहाचा दाखला काढला. तो घेऊन गेल्यावर नावाचा प्रश्न सुटला आणि बीजगणिताचा उरला. तो परीक्षा मंडळाकडे गेला. मंडळानं कळवलं की इतक्या जुन्या अभ्यासक्रमाचे कागद गोदामात आहेत आणि गोदामाच्या किल्लीचा शोध चालू आहे. त्यापेक्षा उमेदवारानं विद्यापीठाची गणिताची पात्रता परीक्षा द्यावी, म्हणजे कोणालाच काही शोधावं लागणार नाही.

हे म्हणाले, "सोडून दे आता. एवढं कोण करतं."

तोवर माझा विचार थोडा डळमळीत होता, हे सांगायला हरकत नाही. जिन्याखालच्या त्या कक्षात तो एकदोनदा पार आडवा झाला होता. पण 'सोडून दे' हे शब्द ऐकले की मला लहानपणापासून चेव चढतो. मी तशीच चपला घालून मास्तरांकडे गेले.

मास्तरांच्या शिकवण्याबद्दल मी आदरानंच लिहीन. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे माझी शंका त्यांना पोचायची ती दुसरीच होऊन, आणि ते त्या दुसऱ्या शंकेचं इतकं सुंदर निरसन करायचे की मला माझी आठवायची नाही. त्यांचा आवाज मात्र वर्गाच्या मापाचा. संच, फल, संभाव्यता, सगळं जिन्यातून खालपर्यंत ऐकू जायचं. मी एखादं उदाहरण चुकले की अख्ख्या इमारतीला कळायचं. एकदा भाजी घेऊन येत होते, तर वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "काल ते वजाचं चिन्ह विसरलात ना, ताई? माझ्यासुद्धा लक्षात आलं होतं."

अपमान गिळून मी अभ्यास केला. परीक्षेच्या बाकावर माझे गुडघे मावत नव्हते म्हणून तिरकी बसून पेपर लिहिला. पास झाले. गुण विचारू नयेत.

मग आलं पत्र. माझ्यासारख्या उशिरा आलेल्या उमेदवारांची मुलाखत होईल. तिथं त्यांनी इतरांबरोबर मिळून केलेलं एखादं छोटं काम दाखवावं: रोजच्या जगण्यातली खरी अडचण, तिच्यावर स्वतः लिहिलेला संगणकाचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, आणि त्यातून काय शिकलात ते.

खरी अडचण शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. ती डोक्यावरच होती. आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारा आहेत, आणि त्या घरांपेक्षा कमी आहेत. पुढच्या तारेवर दिवसभर ऊन, टाकीमागच्या तारेवर कपडे वाळत नाहीत, नुसते लोंबतात. या तारांवरून आमच्याकडे माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय. पुढच्या तारेवर सकाळी कोणीतरी नुसता एक रुमाल लावून जागा धरून ठेवतं, आणि तो रुमाल कोणाचा हे कोणीच कबूल करत नाही.

तेव्हा मी, मास्तर आणि हे, असा आमचा चमू ठरला. कोणाला कधी कुठली तार, याचं न्याय्य वेळापत्रक काढणारा कार्यक्रम मी लिहायचा. न्याय मास्तरांनी बघायचा. लोकांना कळवायचं काम ह्यांनी करायचं.

मास्तरांनी न्याय फारच मनावर घेतला. ते पट्टी घेऊन गच्चीवर सावल्या मोजत बसले आणि घरोघरी जाऊन, आपल्याकडे चादरी किती आणि त्या एकेरी की दुहेरी, असं विचारू लागले. अध्यक्षांच्या पत्नीनं त्यांना जनगणनेवाले समजून पाणी दिलं. इकडे मी लेकीच्या जुन्या संगणकासमोर बसून वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावरून एकेक ओळ लिहीत होते. एक स्वल्पविराम राहिला तर तो संगणक असा रुसायचा की आमच्या घराण्यातली रुसण्यात नाव काढलेली मंडळी त्याच्यापुढे फिकी. पण मी त्या गोड बाईला मनात आणायची आणि पुन्हा बसायची. शेवटी एका दुपारी पडद्यावर घरांची नावं आणि तारांचे क्रमांक ओळीनं उमटले. मी ह्यांना हाक मारली. हे चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे तू केलंस?" मला तो प्रश्न आवडला नाही, पण त्यांचा आवाज आवडला.

इथवर सगळं ठीक होतं. मग ह्यांनी सूचना लिहिली.

विमा कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला साधं लिहिता येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. फळ्यावर वेळापत्रकाखाली ह्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर वेळापत्रकाचे उल्लंघन करणाऱ्या सभासदांचे कपडे कोणतीही पूर्वसूचना न देता उतरविण्यात येतील.'

तासाभरात फळ्यासमोर गर्दी. अध्यक्षांनी विचारलं की उतरवणार कोण, आणि तो अधिकार सोसायटीच्या मंडळाला आहे का.

पण त्याहून मोठा घोटाळा वर वेळापत्रकात होता, आणि तो सापडला अर्थातच वहिनींना. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग खालपासून वर. सगळ्या इमारतीला तारा होत्या, बंद असलेल्या घरालासुद्धा एक होती. पहिल्या घराला कुठलीच नव्हती. त्यांचं नावच नव्हतं.

त्या घरात गेल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. ती खिडकी बंद झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मला कारण कळायला संध्याकाळ उजाडली. संगणक शून्यापासून मोजतो. त्याच्या लेखी पहिलं घर म्हणजे शून्यावं घर. मी मात्र माणसासारखी एकपासून मोजायला लागले, आणि वहिनींना ओलांडून पुढे गेले. आता हे शेजारणीला समजावून सांगायचं कसं? तुम्ही शून्य आहात म्हणून राहिलात, असं सांगितलं तर ती चूक सुधारली जाईल की वाढेल, याचा विचार करत मी पोळीचा तवा कधीचा तापत ठेवला होता.

अध्यक्षांनी सभा बोलावली. वाहनतळात खुर्च्या मांडल्या. सगळे एकदम बोलत होते: कोणाची तार टाकीमागे आली होती, कोणाच्या चादरी मास्तरांनी जास्त धरल्या होत्या, कोणाला कपडे उतरवण्याबद्दल लेखी माफी हवी होती. हे उभे राहून सूचनेतलं व्याकरण समजावत होते. मास्तरांना कोणाचंच ऐकू येत नव्हतं, म्हणून ते सूत्र सांगत होते. वहिनी मागच्या खुर्चीवर मान वळवून बसल्या होत्या, आणि मला वाटलं, पदवी गेली खड्ड्यात, यांचं बोलणं तुटलं तर मी रोज त्या फाटकातून आत कशी येणार.

मग काय झालं कोण जाणे. समोर इतके आवाज एकदम आले की मी मनानं आपोआप स्विचबोर्डवर जाऊन बसले. तिथं असंच असायचं. अपघात झाला की सगळे दिवे एकदम लागायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपलाच फोन पहिला. मी एकेकाकडे बघून म्हणत गेले, तुमचं ऐकलंय, धरून ठेवलंय, विसरणार नाही, आता यांना बोलू द्या. जो थांबला त्याच्याकडे परत गेले, न विसरता. हळूहळू एकेकच आवाज उरला. शेवटी वहिनी राहिल्या.

"वहिनी, यंत्रानं तुम्हाला वगळलं नाही," मी म्हणाले. "मी वगळलं. ते तुम्हाला सगळ्यांच्या आधी मोजत होतं. मी त्याच्या नंतर मोजायला लागले."

वहिनींनी मान इकडे केली. "सगळ्यांच्या आधी?"

"पहिल्याच्याही आधी."

त्यांनी यावर विचार केला. मग विचारलं, "आणि माझ्याकडे पाहुणे आले तर? तुमच्या त्या कागदात पाहुण्यांची सोय आहे का? आणि बंद घराला कशाला हवी तार, तिथं कोण भिजलेलं राहतं?"

यातलं एकही आमच्या तिघांच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून वहिनी चमूत आल्या. संगणकाच्या धंद्यात तयार कामातल्या चुका शोधणारी वेगळी माणसं असतात आणि त्यांना त्यासाठी शिकवावं लागतं, असं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. वहिनींना शिकवावं लागलं नाही. त्या रोज दुपारी यायच्या आणि माझ्या कार्यक्रमात दोष काढायच्या: अंथरुणं धुतली तर, धुण्याचं यंत्र बिघडलं तर, दोघी एकाच वेळी आल्या तर. मी रागावायची, मग लिहायची. कार्यक्रम वाढत गेला, सुधारत गेला. ह्यांनी नवी सूचना लिहिली, ती आम्ही चौघांनी मिळून तपासली, आणि तिच्यात शेवटी एवढंच उरलं: 'कृपया आपल्या तारेवर कपडे घाला.' तीही वाचून दोन माणसं हसली, पण तेवढं चालायचंच.

मुलाखतीला समोर दोन जण होते. एक प्राध्यापिका, माझ्या लेकीपेक्षाही लहान, आणि एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी माझे कागद पालथे घालून ठेवले होते. प्राध्यापिकेनं कार्यक्रमाबद्दल विचारलं. मी शून्याव्या घराची हकीकत सांगितली, सभाही सांगितली, सूचना मात्र गाळली. तिनं विचारलं की आता लोक वेळापत्रक पाळतात का. खोटं बोलावं असं मनात आलं होतं.

"निम्मे पाळतात," मी म्हणाले. "बाकीचे भांडायला वेळापत्रकाचा आधार घेतात."

ती हसली आणि तिनं काहीतरी लिहून घेतलं. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी पुढे झुकून सांगितलं की त्यांना मला फसवायचं नाही. या पदवीनंतर कंपन्या नोकऱ्या देतात त्या तरुणांना, आणि एक जागा मला दिली तर ती एका तरुणाची जाते. म्हणून मला हे नक्की कशासाठी हवंय, ते सरळ सांगावं.

प्रश्न रास्त होता, म्हणूनच लागला. मी घरून एक उत्तर पाठ करून नेलं होतं, त्यात चिकाटी आणि सतत शिकत राहण्याची तयारी होती. ते आठवेना.

"मी जिथं बसायची तिथं आता एक यंत्र बसतं," मी म्हणाले. "ते फोन चांगले जोडतं. पण पलीकडे कोणी रडत असेल तर त्यालाही एक दाबा म्हणतं. ते बनवणाऱ्यानं मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्याला कोणी सांगितलंच नसेल. मला ते सांगायचंय, पण त्यांच्या भाषेत. माझ्या भाषेत सांगून बघितलं, त्यांनी पुष्पगुच्छ दिला."

गृहस्थांनी कागद उलटून सरळ केले आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर हे होते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, झाकण उघडून.

जागा मिळाली. मी प्रवेशाच्या खिडकीवर गेले तर तोच कारकून. त्यानं अर्ज वरपासून तपासला, शेवटच्या रकान्यावर थांबला आणि म्हणाला की पालकांची सही राहिली आहे.

मी सांगितलं की माझे आईवडील हयात नाहीत. त्याला खरंच वाईट वाटलं. पण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. "मग जे असतील ते चालतील," तो म्हणाला.

ह्यांना बोलावलं. ह्यांनी हमीपत्र सही करण्यापूर्वी पूर्ण वाचलं, कारण न वाचता सही करणारा माणूस विमा कचेरीत टिकत नाही. माझ्या पाल्याने वर्गात गैरवर्तन केल्यास, वसतिगृहाच्या भिंतींचे नुकसान केल्यास, सर्व जबाबदारी माझी. मागे पोरांची रांग खोळंबलेली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "भिंतींचं काही करणार नाहीस ना?" आणि सही केली.

त्या सहीमुळे ह्यांना पहिल्या दिवसाचं रीतसर आमंत्रण आलं. विद्यार्थ्यांनी वर्गात जायचं, पालकांनी सभागृहात. मी म्हणाले, तुम्ही येऊ नका, हसं होईल. हे म्हणाले, सही केली आहे. इस्त्रीचा सदरा घालून आले. फाटकावर पहारेकऱ्यानं आम्हा दोघांनाही सभागृहाकडे वळवलं, तेव्हा हे थांबले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या विद्यार्थिनी. पालक मी." इतक्या गंभीरपणे की पहारेकऱ्यानं बाजूला होऊन वाट दिली.

वर्गात काय झालं ते सांगत बसत नाही. शेजारच्या मुलीनं आधी मला जागा दिली आणि नंतर वही मागितली. मधेच एकदा मला काही म्हणजे काही कळलं नाही, आणि इकडेतिकडे बघितलं तर बाकीच्यांनाही कळलेलं नव्हतं, तेव्हा फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. सभागृहात त्यांना कोणीतरी मानसशास्त्रज्ञ बोलून गेले होते: पाल्याशी संवाद ठेवा, त्याची तुलना शेजारच्या मुलांशी करू नका, तो घरी आला की त्याला आस्थेनं विचारा. ह्यांनी घसा साफ केला. जरा अवघडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला विचारायचे प्रश्न त्यांचे ठरलेले असतात: किल्ली कुठंय, कोण आलं होतं, आज भाजी काय.

"काय शिकलीस आज?" ते म्हणाले.

मी सांगायला लागले. यंत्राला नुसतं हो आणि नाही एवढंच कळतं, आणि त्या दोनातूनच बाकी सगळं कसं बांधतात ते. हातवारे करून सांगितलं, पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली तरी सांगितलं. हे पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते. आमचे हे असे गृहस्थ, की आपल्याला काही कळलं नाही असं त्यांनी आजवर कधीही, कोणापुढेही कबूल केलेलं नाही.

"नाही कळलं," ते म्हणाले. "पुन्हा सांग."